घाटातला काळा धूर

कसारा घाटात मालट्रकच्या मागे अडकण्याचा अनुभव मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी घेतलेला असतो. पुढे ताडपत्री आवळलेला ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चाललेला, आणि दर वेळी ड्रायव्हरने पाय दाबला की खालून सुटणारा काळाकुट्ट लोट. मोटारीच्या काचा वर जातात, मुलांच्या नाकाला रुमाल लागतो, आणि ‘यांना कोणी विचारत कसं नाही?’ हा प्रश्न निदान एकाच्या तोंडून निघतोच. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आरटीओच्या दारात सुरू होत नाही. ते ट्रकच्या इंजिनाला बिलगून बसलेल्या डिझेल पंपाच्या दोन अगदी लहान वस्तूंपाशी सुरू होते. एक बोटाच्या पेराएवढा पोकळ बोल्ट, आणि दुसरा तारेने बांधून शिशाचे सील मारलेला स्क्रू. पहिला इंधनाचा दाब सांभाळतो, दुसरा इंधनाचे माप. या दोघांत गल्लत झाली की काय होते, ते आज सांगायचे आहे.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने या वाटेला का जावे, असे कोणाला वाटेल. मला तिथे नेले ते बँकेच्या नोकरीने. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर कर्जवाटपात जी क्षेत्रे अग्रक्रमाची ठरली, त्यांत शेतकरी आणि लघुउद्योजक यांच्या जोडीला छोटा ट्रकमालकही होता. एखाद-दुसरी गाडी असलेला आणि बहुधा ती स्वतःच चालवणारा. ऐंशीच्या दशकात मी नाशिकच्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो, तेव्हा अशा ट्रकमालकांची बरीच खाती माझ्याकडे होती. गाडी त्याच्या ताब्यात, पण आरसी बुकात नोंद बँकेची. याला नजरतारण म्हणतात. तारणावर नजर ठेवायची म्हणजे अधूनमधून गाडी प्रत्यक्ष पाहायची, इंजिन आणि चासीचा नंबर ताडायचा आणि अहवाल लिहायचा. आता चालती गाडी सापडणार कुठे? ती एक तर मार्केट यार्डात माल भरत असते, नाही तर मिस्त्रीकडे उभी असते. मला ती बहुतेक वेळा मिस्त्रीकडेच सापडे. त्यामुळे माझे यंत्रशिक्षण आग्रा रोडच्या कडेला, कटिंग चहाच्या साक्षीने झाले.

त्या रस्त्यावर गॅरेजांची रांगच होती, पण त्यांत एक जात निराळी. पाटीवर ‘पंप-नोझल’ एवढीच अक्षरे. शेजारच्या गॅरेजात काळे तेल, ग्रीस आणि चिंध्या यांचे राज्य. इथे मात्र काचेचे दार, पुसलेली फरशी, चपला बाहेर. मिस्त्री पंप उघडण्यापूर्वी साबणाने हात धुवायचा. सुरुवातीला मला हे सोवळे जरा अतिच वाटे. मग एकदा त्याने पंपाच्या आतला दांडा आणि त्याची नळी माझ्या तळहातावर ठेवली. दांडा नळीत आपल्याच वजनाने, तेलात सुई उतरावी तसा, सावकाश उतरत होता. दोघांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. मध्ये रबर नाही, वायसर नाही, काही नाही. एवढ्या बारीक फटीतून डिझेल निसटू शकत नाही, या भरवशावर सगळे यंत्र चालते. धुळीचा एक कण तिथे गेला तर ओरखडा कायमचा. ‘साहेब, हे इंजिनाचं काळीज आहे,’ असे तो म्हणाला असता तर कादंबरीत शोभले असते. तो एवढेच म्हणाला, ‘परत द्या, हाताचा घाम लागतो.’

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो हे अनेकांना ठाऊक असेल. हवा एवढी दाबायची की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते पेटते. कल्पना सोपी, पण आधीच दाबून बसलेल्या हवेत इंधन घुसवायचे कसे? १८९७ मध्ये ऑग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलने आपले इंजिन यशस्वी करून दाखवले तेव्हा इंधन आत फुंकण्यासाठी हवा दाबणारे वेगळे यंत्र शेजारी लागे. असले धूड कारखान्यात चालते, गाडीवर नाही. डिझेलसाहेब स्वतः १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसे झाले; आपले इंजिन ट्रकवर चढलेले त्यांनी पाहिले नाही. ती अडचण सोडवली ती रॉबर्ट बॉशच्या कंपनीने. १९२२ च्या अखेरीस काम हाती घेतले आणि १९२७ पासून हातात मावेल असा इंधन-पंप कारखान्यातून बाहेर पडू लागला. पुढची साठ-सत्तर वर्षे जगभरचे ट्रक प्रामुख्याने त्याच जातीच्या पंपावर धावले. आपल्याकडे याच कंपनीच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगळुरात मायको सुरू झाली, १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, आणि पुढे मायकोचा नोझल बनवणारा कारखाना आला तो आमच्या नाशिकात. कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलून बॉश झाले. त्र्यंबक रस्त्यावरचे मायको सर्कल मात्र लोकांच्या तोंडी मायको सर्कलच राहिले.

आता दाबाकडे वळू. ‘प्रेशर’ हा शब्द ट्रकच्या दुनियेत इतक्या सैलपणे वापरला जातो की ऐकणाऱ्याला वाटावे, दाब म्हणजे एकच काही तरी आहे. तसे नाही. टाकीतले डिझेल आधी एक छोटा पंप ओढतो आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाच्या पोटात आणून सोडतो. या वाटेवरचा दाब जेमतेम किलो-दोन किलोचा. (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजन, मिस्त्री लोक पुढचे सगळे गाळतात.) तिथून मोठा पंप ते डिझेल नोझलकडे ढकलतो, आणि नोझल उघडते ते त्या काळच्या ट्रकांत दोनशे किलोच्या आसपास. या फवाऱ्यासमोर हात धरला तर डिझेल कातडी भेदून आत जाते. त्यामुळे नोझल तपासताना मिस्त्री पोरांना लांब उभे करी. आणि तिसरी गोष्ट म्हणजे इंधनाचे माप, जी मुळात दाब नव्हेच. पण ड्रायव्हर येऊन म्हणतो, ‘चाचा, प्रेशर वाढवा,’ तेव्हा त्याला हवे असते ते हे माप. शब्द एक, वस्तू तीन. निम्मे अनर्थ इथूनच सुरू होतात.

त्या पहिल्या, किलो-दोन किलोच्या दाबाचा पहारेकरी म्हणजे तो पोकळ बोल्ट. घरात कुकर आहे, तेव्हा समजायला अवघड नाही. कुकरची शिट्टी किलोभर दाबापर्यंत वाफ अडवते आणि वर जाईल ती सोडून देते. बोल्टाच्या पोटात एक गोळी आणि तिच्या पाठीशी स्प्रिंग असते. पंपाच्या पोटात दाब ठरल्याहून चढला की गोळी उचलली जाते आणि जादा डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे जाते. जाताना ते पंपात अडकलेली हवा आणि उष्णताही घेऊन जाते, हा आणखी एक फायदा. शिट्टीच काढून ठेवली तर काय होईल? वाफ सरळ निघून जाईल, डाळ शिजणार नाही. इथेही तेच. स्प्रिंग दमली किंवा गोळी झिजली की डिझेल परतीच्या वाटेने पळते, मोठ्या पंपातल्या नळ्या पुऱ्या भरत नाहीत, आणि इंजिनाला नेमकी ताकद हवी असताना उपासमार होते. इंजिन सावकाश फिरत असते तेव्हा नळ्यांना भरायला वेळ मिळतो, म्हणून काही जाणवत नाही. वेगाने फिरू लागले की भरायला वेळ पुरत नाही आणि गाडी दमते.

शिट्टीवर दगड ठेवला तर, हाही प्रश्न माझ्या मनात आला होता. स्प्रिंगखाली एखादे वायसर सरकवून किंवा स्प्रिंग हाताने ताणून दाब वाढवणारे कारागीर रस्त्यावर होतेच. दमलेल्या स्प्रिंगला अशाने उभारी मिळते, दाब मूळच्या जागी येतो आणि गाडी पुन्हा ओढू लागते. हे खरे आहे, आणि तेवढ्यापुरते ते वावगेही नाही. पण मूळ दाबाच्या पुढे जाऊन काही हाती लागत नाही. गंमत अशी की डिझेल ओढणारा तो छोटा पंपही स्प्रिंगच्याच जोरावर डिझेल पुढे ढकलतो; त्या स्प्रिंगची जेवढी ऐपत, तेवढाच दाब. पहारेकऱ्याला कितीही कडक केले तरी घरात जेवढे धान्य आहे तेवढेच राहणार. आणि नळ्या एकदा काठोकाठ भरल्या की त्याहून जास्त भरणार कशा? म्हणून शहाणा पंपवाला या दाबाला हात लावण्यापूर्वी मोजतो, आणि कारखान्याने ठरवलेल्या आकड्यापाशी थांबतो.

१९८९ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. माझ्या खात्यांतला एक ट्रकमालक, मालेगावकडचा, वय तिशीच्या आत, दोन वर्षांपूर्वी नवी गाडी घेतलेली. जाताना मुंबईला कांदा, येताना भिवंडीहून मिळेल ते. हप्ते वेळच्या वेळी येत होते, ते एकदम अडखळले. गाडी पाहायला गेलो तर ती पंपवाल्याच्या दारात. तक्रार अशी की कसारा चढताना गाडी ओढत नाही; सपाटीवरही वेग घेतला की गुदमरते. आधी तीन ठिकाणी दाखवून झाले होते. तिघांनीही एकच उपाय केला. सील तोडले आणि मापाचा स्क्रू फिरवला. पहिल्याने थोडा, दुसऱ्याने आणखी, तिसऱ्याने आणखी. आता गाडी सावकाश चालताना काळा धूर ओके आणि वेगात पुन्हा दमे ती दमेच. डिझेल मात्र प्यायला लागली होती. ‘साहेब, पंप गेला म्हणतात. नव्या पंपासाठी वाढीव कर्ज द्या,’ असा त्याचा अर्ज तयारच होता.

मिस्त्रीने पंपाला हात लावला नाही. आधी टाकीचे झाकण काढून त्याचे हवेचे भोक उघडे आहे का पाहिले. ते बुजले तर टाकीत पोकळी होऊन डिझेल येईनासे होते. मग टाकीकडून येणारी नळी, जाळी, दोन्ही फिल्टर. कुठे हवा घेते का ते पाहिले. सगळे ठीक. मग फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये दाबाची तबकडी जोडून इंजिन सुरू केले. काटा अर्ध्या किलोपाशी थरथरत राहिला, आणि वेग वाढवला तसा वर चढण्याऐवजी खाली बसला. मिस्त्रीने परतीच्या नळीचा बोल्ट सोडवला, पुसला, तोंडाला लावून फुंकला. फुंकर आरपार गेली. खणातून दुसरा बोल्ट काढून माझ्या हाती दिला. ‘आता हा फुंका.’ मी गाल फुगवून फुंकले. कणभर हवा जाईना. आत गोळी आणि स्प्रिंग होती. बाहेरून दोन्ही बोल्ट जुळ्या भावांसारखे. मग ट्रकमालकाला आठवले, दोन-तीन महिन्यांपूर्वी इगतपुरीजवळ नळी गळत होती, वाटेतल्या मिस्त्रीने वायसर बदलून बोल्ट परत बसवला होता. बोल्टांची अदलाबदल तिथेच झाली असणार. खरा बोल्ट कुठल्या तरी डब्यात पडून राहिला आणि साधा बोल्ट पंपावर चढला. शिट्टीविना कुकर, तीन महिने.

बोल्ट बदलला. काटा दीड किलोवर जाऊन स्थिर झाला. खर्च चहापाण्याइतका. वाढीव कर्जाचा अर्ज त्याने माझ्यासमोर घडी करून खिशात घातला. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण मिस्त्री म्हणाला, ‘शेठ, आता पंप उतरवू. तिघांनी फिरवलेला स्क्रू मागे आणून बेंचवर माप लावतो आणि सील मारतो.’ आणि शेठने नकार दिला. ‘स्क्रू राहू द्या चाचा. आता तर मजा येईल.’

मजा येणार होती यात शंका नाही. आजवर नळ्या अर्धपोटी होत्या म्हणून फिरवलेला स्क्रू वेगात कामाला येत नव्हता. आता पोट भरल्यावर तो प्रत्येक वेगाला जादा डिझेल ओतणार होता. मिस्त्रीने त्याला समजावले ते मला अजून स्पष्ट आठवते, कारण त्यात हिशेब होता आणि हिशेब मला कळतो. एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे १२ किलो हवा लागते, म्हणजे जवळजवळ १०,००० लिटर. त्या काळच्या टाटाच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची घागर पावणेसहा लिटरची, आणि दर दोन फेऱ्यांना ती एकदा भरते. मिनिटाला २,००० फेऱ्या धरल्या तर ५,७०० लिटर हवा. म्हणजे कागदावर फार तर अर्धा लिटर आणि थोडे अधिक डिझेल एका मिनिटात जळू शकेल. प्रत्यक्षात हवा आणि डिझेल एवढे एकजीव होत नाहीत, म्हणून कारखाना स्क्रू त्याच्या बराच अलीकडे बांधून टाकतो. त्यापुढे ओतले की थोडी ताकद वाढते, हे मिस्त्रीने लपवले नाही. पण लवकरच अशी वेळ येते की डिझेल आहे आणि त्याला हवा नाही. ते अर्धवट जळते. काजळीचा लोट मागच्या मोटारीतल्या मुलांना मिळतो. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, रिंगा घासतात, पिस्टनचे डोके तापते. त्यात इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. तिथे हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. म्हणजे जिथे चढ संपवायला सगळा जोर लावायचा, तिथेच हवा कमी.

ट्रकमालकाने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग आपला हिशेब मांडला. तोही चुकीचा नव्हता. गाडीचे पासिंग नऊ टनांचे. भिवंडीचा दलाल नऊ टनांची गाडी दारात उभी करत नाही. चौदा भरतो का बोल, नाही तर मागे रांग आहे. भाडे टनावर मिळते. नऊ टनांच्या भाड्यातून डिझेल, टायर, टोलनाकी, क्लीनर, वाटेतले देणेघेणे वजा केल्यावर उरते त्यात घर चालते किंवा हप्ता जातो, दोन्ही नाही. चौदा टनांना डिझेल थोडे जास्त लागते, भाडे दीडपट येते. ‘साहेब, तुमच्या बँकेच्या कागदावर नऊ टनच आहेत ना? मग तुम्हीच सांगा, हप्ता बसतो का त्यात?’ बँकेचे ते कोष्टक मला पाठ होते. वर्षाला इतक्या फेऱ्या, दर फेरीला दोन्ही बाजूंना पूर्ण भाडे, गाडी उभी राहण्याचे दिवस नाममात्र. कोष्टक शाखेत तयार झालेले नव्हते, ते वरून येई. त्यात हप्ता बसत असे. रस्त्यावर बसत नसे, हे वरच्यांना कोणी सांगितले असते तरी कोष्टक बदलले असते असे मला वाटत नाही.

तेव्हापासून माझे मत झाले ते आजही कायम आहे. स्क्रूवर पाना मिस्त्रीचा असतो, पण तो फिरतो दलालाच्या आणि वेळापत्रक आखणाऱ्यांच्या जोराने. घाटातल्या ड्रायव्हरला शिव्या देणे सोपे, तो दिसतो. माल स्वस्तात पोचावा म्हणून भाव पाडणारे गोदामात असतात, आणि तो स्वस्त माल विकत घेणारे आपण मागच्या मोटारीत.

त्या दिवशी अखेर तडजोड झाली. पंप उतरवला. बेंच म्हणजे पंप विजेवर फिरवण्याचे यंत्र. सहा काचेच्या नळ्यांत सहा सिलिंडरांचे माप दिसते. तीन मिस्त्रींच्या हातून गेलेल्या त्या पंपाच्या सहा नळ्यांत सहा उंच्या होत्या. मिस्त्रीने त्या एका रेषेत आणल्या. हे काम तो कोणाच्या सांगण्यावरून सोडणार नव्हता. नोझल काढून दोनशे किलोला लावले. तरफ दाबली की चांगले नोझल ‘चर्र’ असा बारीक आवाज करते आणि धुक्यासारखा फवारा सोडते, खराब नोझल नुसतेच गळते. स्क्रू मात्र त्याने मूळ जागेपर्यंत मागे आणला नाही. मालकाच्या आग्रहाने अर्ध्यावर ठेवला. आणि सील मारायला साफ नकार दिला. ‘सील मारलं तर माप माझं झालं. हे माप तुमचं आहे.’ शिशाची ती गोळी त्याने खणात टाकली.

पुढचे मला खात्यावरून ठाऊक आहे. हप्ते पुन्हा सुरू झाले आणि कधी चुकले नाहीत. १९९२-९३ पासून थकलेली कर्जे वेगळी काढून त्यांवर तरतूद करण्याचे नवे नियम बँकांना लागू झाले. आमच्या शाखेत धावपळ उडाली, पण हे खाते त्या यादीत कधी आले नाही. शेवटचा हप्ता भरून त्याने आरसी बुकातली बँकेची नोंद काढून घेतली, पेढे दिले. त्यानंतर चार महिन्यांनी तो पुन्हा माझ्या टेबलासमोर होता. इंजिन बांधायला काढले होते. लायनर, पिस्टन, रिंगा, सगळेच. मिस्त्रीचे म्हणणे, माप जागेवर असते तर हे इंजिन आणखी दोन-तीन वर्षे सहज चालले असते. मालकाचे म्हणणे, माप जागेवर असते तर कर्ज फिटलेच नसते. दोघेही माझ्यासमोर बसून वाद घालत होते आणि मला दोघांचेही पटत होते. बँकेच्या दप्तरी ते एक उत्तम खाते होते. इंजिनाच्या कामासाठीचे कर्ज मी मंजूर केले.

त्यानंतर पुष्कळ काही बदलले. धुराची मर्यादा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आली; पीयूसी सुरू झाले. पण ती तपासणी गाडी उभी असताना, रिकाम्या इंजिनाला एकदम पाय देऊन केली जाते. चौदा टन घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढताना जो धूर निघतो, तो त्या नळीत कधी जात नाही. इंजिनात जादा हवा कोंबणारे टर्बो आले. ताकद वाढवण्याचा हा खरा मार्ग, कारण डिझेलच्या आधी हवा वाढते. जादा वजनाविरुद्ध २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कडक भूमिका घेतली, आणि २०१८ च्या जुलैत सरकारने वजनाची मर्यादाच वाढवली; दोन ॲक्सलच्या ट्रकला मालासकट १६.२ टनांऐवजी १८.५ टन झाले. रस्त्यावर जे चालत होते त्याचा काही भाग कायद्यात आला, असे म्हणा.

आणि पंप तर पार बदलला. १९९५ मध्ये जपानात हिनोच्या ट्रकवर प्रथम आलेली कॉमन रेल पद्धत आता सर्वत्र आहे. एका जाड नळीत १,६०० ते २,००० किलो आणि त्याहूनही अधिक दाबाने डिझेल भरून ठेवायचे आणि संगणकाने सांगितले की नोझल उघडायचे. दाब सांभाळणारा पहारेकरी आता विजेवर चालतो. नळीवर बसवलेला एक संवेदक क्षणोक्षणी दाब किती ते संगणकाला कळवतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले, आणि नव्या ट्रकमागे अडकले तरी काचा वर कराव्या लागत नाहीत. हा बदल मोठा आहे आणि तो चांगला आहे. जुन्या पंपांची आठवण काढून हळवे होणाऱ्यांपैकी मी नाही.

मात्र मध्यंतरी त्याच पंपवाल्याकडे गेलो होतो. चाचा आता नाहीत, मुलगा बसतो. काचेचे दार तेच, चपला बाहेर तशाच. त्याने काडेपेटीएवढी एक डबी दाखवली. एका गिऱ्हाइकाच्या ट्रकवरून काढलेली. ही डबी संवेदक आणि संगणक यांच्या मध्ये बसते आणि संगणकाला खोटे सांगते. दाब आहे त्याहून कमी आहे, असे. संगणक बिचारा दाब वाढवत राहतो. स्प्रिंगखालच्या वायसराची ही नात म्हणायची. किलो-दीड किलोच्या दाबाशी खेळण्यात धोका फारसा नव्हता. इथे मुळात दोन हजार किलो आहेत, आणि नोझलची किंमत ऐकून मी चहाचा ग्लास खाली ठेवला. त्या गाडीची चार नोझले गेली होती. मालकाने डबी का बसवली, असे विचारले तर पोरगा म्हणाला, ‘घाटात ओढ कमी पडते म्हणत होता. फिल्टर बघितला तर चोक झालेला.’

जुना बेंच कोपऱ्यात अजून आहे. गावाकडच्या जुन्या गाड्यांचे आणि ट्रॅक्टरांचे पंप त्यावर चढतात. त्याच्या खणात परतीच्या नळीचे बोल्ट एका डबीत वेगळे ठेवलेले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका दिलेला, साध्या बोल्टात मिसळू नयेत म्हणून.